आधी स्पेसबार, मग तलवार

कळव्याला स्लो लोकलमधून उतरून रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाला स्वतःचा असा वेळ किती मिळतो, ते त्यालाच ठाऊक. जेवण, मुलांचा अभ्यास, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या वेळेवरून जुंपलेलं भांडण, हे सगळं मार्गी लावल्यावर हाती उरतो जेमतेम तासभर, आणि तोही सलग नाहीच. अशा माणसाने पन्नास-साठ तास मागणारा, इंग्रजी मजकुराने ठासून भरलेला, 1998 सालचा गेम हातात घ्यावा का? माझं उत्तर आहे, जरूर घ्यावा. आणि तो 'बाल्डर्स गेट'च असावा.

कारण अगदी साधं आहे. या गेममध्ये ऐन लढाईत स्पेसबार दाबला की सगळं जागच्या जागी थिजतं. सुटलेला बाण हवेत राहतो, लांडगा अर्ध्या झेपेत राहतो, आणि तुम्ही उठून गॅसवरचं दूध बघून येऊ शकता. परत आल्यावर टोळीतल्या सहाही जणांना एकेक हुकूम द्यायचा आणि पुन्हा स्पेसबार दाबायचा. ऑनलाइन गेममध्ये मधेच उठलात तर टीममधली पोरं तुमच्या घराण्याचा उद्धार करतात. इथे कोणी ताटकळत नाही. थांबत-थांबत खेळणं ही इथे पळवाट नाही. गेमची रचनाच तशी आहे. हे ज्याला उमगलं त्याचा गेम पुरा होतो. ज्याला उमगलं नाही तो पहिल्या जंगलातल्या लांडग्याला बळी पडून कॉम्प्युटर बंद करतो.

असे बंद केलेले कॉम्प्युटर आपल्याकडे कमी नसतील. 'बाल्डर्स गेट' डिसेंबर 1998मध्ये पाच सीडींवर आला, तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या घरांत लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेले पीसी नुकते शिरत होते. गेम बनवणारी बायोवेअर ही कॅनडातल्या एडमंटनची कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी रे मुझिका आणि ग्रेग झेश्चुक हे शिक्षणाने चक्क डॉक्टर. प्रकाशक होती इंटरप्ले. गेमचे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे, म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली बाजारात आणलेल्या कागद-पेन्सिल-फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. ज्या जगात गोष्ट घडते ते 'फरगॉटन रेल्म्स' हे एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकाचं. मग 2023मध्ये बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओने 'बाल्डर्स गेट 3' काढला, तो जगभर गाजला, आणि नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आलं. तिसऱ्या भागाला तगडं ग्राफिक कार्ड लागतं. पहिल्या भागाला तुमच्या कपाटातला जुना लॅपटॉप पुरतो.

कशावर खेळायचं

मूळ सीडींच्या मागे लागू नका. नव्या विंडोजवर त्या चालवणं हा वेगळाच छंद आहे. 2012मध्ये बीमडॉग कंपनीने 'एनहान्स्ड एडिशन' काढली, तीच घ्या. बीमडॉगही एडमंटनचीच. स्टीम किंवा जीओजीवर ती मिळते आणि सेलमध्ये किंमत बरीच खाली येते, त्यामुळे घाई नसेल तर सेलसाठी थांबा. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयपॅड, सगळ्यांवर ती चालते.

टॅबवर उत्तम चालते. मोबाइलवर खेळता येतं, पण अक्षरं बारीक पडतात आणि गर्दीच्या लढाईत बोट भलत्याच माणसावर पडतं. तरीही प्रवासात खेळायचंच असेल तर बसायला जागा मिळाल्यावरच खेळा. कळव्याहून सकाळी डब्यात शिरणं हीच एक लढाई असते, तिथे दुसरी नको. आणि दारात उभं राहून फोन हातात धरूच नका. रुळांलगत दबा धरून हातावर काठीचा फटका मारायचा आणि फोन पाडायचा, हा मध्य रेल्वेवरचा जुना प्रकार आहे. त्यात माणसं गाडीतून पडली आहेत.

डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी क्यू हे बटण दाबायची बोटांना सवय लावा. क्यू म्हणजे क्विक सेव्ह. शिवाय महिन्यातून एकदा डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमधलं 'सेव्ह' नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. चाळीस तासांचा खेळ हार्ड डिस्कबरोबर गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा उत्साह कुणाच्याच अंगात उरत नाही.

सुरू केल्यावर काहीही करण्याआधी ऑप्शन्समध्ये जाऊन 'ऑटो-पॉझ' उघडा. शत्रू दिसला की थांब, सापळा सापडला की थांब, सोबती घायाळ झाला की थांब, एवढ्या तीन खुणा करून ठेवा. कठीणपणाची पातळी नॉर्मल ठेवा. 'स्टोरी मोड'मध्ये मरणच नाही, त्यामुळे ज्यांना फक्त गोष्ट हवी त्यांना तो ठीक. माझ्या मते त्याने या गेमचं मीठच निघून जातं.

पात्र बनवताना

नवखा माणूस इथेच दोन संध्याकाळी घालवतो. फासे पुन्हा पुन्हा टाकायचं बटण आहे आणि ते दाबत राहण्याचं व्यसन लागतं. बऱ्यापैकी बेरीज आली की थांबा. ताकद, चपळाई आणि काटकपणा या तिन्हींना जास्तीत जास्त द्या. पुढे लेव्हल वाढल्या तरी हे आकडे आपोआप वाढत नाहीत. वाढवणारे ग्रंथ संपूर्ण गेममध्ये मोजकेच आहेत.

पहिल्या खेळीत जादूगार होऊ नका. मोह होतो, मला कळतं. पण पहिल्या लेव्हलचा जादूगार चार ते सहा हिट पॉइंट घेऊन घराबाहेर पडतो, आणि एक बरा बसलेला वार तेवढ्याला पुरतो. सोबती मेला तर देवळात पैसे मोजून जिवंत करता येतो. तुमचं स्वतःचं पात्र मेलं की खेळ तिथेच खलास. म्हणून फायटर घ्या, त्याला तलवार शिकवा आणि लाँग बो शिकवा. धनुष्य हवंच. या गेमच्या पहिल्या अर्ध्या भागात धनुष्यापुढे तलवार फिकी पडते. एका फेरीत दोन बाण सुटतात, आणि शत्रू जवळ पोचेपर्यंत त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

दोन आकड्यांपाशी सगळे अडखळतात: एसी आणि थॅको. एसी म्हणजे आर्मर क्लास, तुमच्यावरचा वार हुकवण्याची ताकद. भिंतीवरच्या एसीचा नियम इथेही लागू आहे, आकडा जितका खाली तितका जिवाला आराम. थॅको म्हणजे तुमचा वार लागण्याचा हिशेब, तोही जितका कमी तितका चांगला. दुकानात चिलखत पाहताना एवढं डोक्यात ठेवलंत तरी पुरे. बाकीचं गणित गेम स्वतः करतो.

कॅंडलकीपपासून फ्रेंडली आर्मपर्यंत

गोष्ट कॅंडलकीप नावाच्या ग्रंथालयवजा गढीत सुरू होते. गोरायन नावाच्या वृद्ध पालकाने तुम्हाला लहानाचं मोठं केलं आहे आणि आज अचानक तो म्हणतो, निघायचं. 'चांदोबा' वाचत वाढलेल्यांना पोरका नायक आणि जन्माचं गुपित ही जोडी नवी नाही. ते गुपित इथे फोडत नाही. सांगायचं ते एवढंच, की गोरायनला लगेच 'हो' म्हणू नका. आधी गढीतली सगळी फुटकळ कामं करा: कोठारातले उंदीर मारा, आजारी गाईला औषध द्या, पहारेकऱ्याची विसरलेली तलवार आणून द्या. प्रत्येकाचे थोडे पैसे आणि थोडा अनुभव मिळतो. दोन खोल्यांत तुमच्या जिवावर उठलेले मारेकरीही भेटतील, पण ते तुमच्यासारखेच कच्चे असतात. जमलेल्या पैशांतून विन्थ्रॉपच्या खानावळीत धनुष्य आणि भरपूर बाण घ्या. चमकणारी महाग तलवार घेऊ नका. या प्रदेशात लोखंडाला काहीतरी झालं आहे, साधी हत्यारं ऐन लढाईत तुटतात, आणि का तुटतात हेच तर कथानक आहे. म्हणून एक जादा हत्यार नेहमी पाठीवर असू द्या.

बाहेर पडल्यावर पहिल्याच रात्री गोरायन मारला जातो. ती लढाई तुमची नाही, ती हरायचीच आहे. सकाळी इमोएन ही बालमैत्रीण येऊन मिळते. ती चोर आहे आणि तिच्याकडे मॅजिक मिसाइलची छडी असते. ही छडी सोन्याच्या मोलाची. लांडग्यांवर उधळू नका, राखून ठेवा. कशासाठी ते लगेच कळेल.

पुढच्याच रस्त्यावर झार आणि मोंटॅरॉन हे दोन विक्षिप्त इसम भेटतात. त्यांना घ्या किंवा सोडा. घेतलेत तर दोन जास्तीचे हात मिळतील, पण पुढे सरायीत भेटणाऱ्या खालिद आणि जहीरा या जोडप्याशी त्यांचं पटत नाही, हे ध्यानात असू द्या. फार काळ हे चौघे एका चुलीवर नांदत नाहीत. आणखी एक अडचण अशी की काही सोबती जोडीनेच येतात आणि जोडीनेच जातात. खालिदला काढलंत की जहीराही चालू लागते.

आता सरळ फ्रेंडली आर्म ही सराय गाठा. वाटेत जंगल धुंडाळण्याचा मोह टाळा. नकाशाचे काळे कोपरे उजळायला पुढे पुष्कळ वेळ आहे. एक-दोन लेव्हल वर चढल्याशिवाय त्या जंगलात गेलात तर परत येणार नाही.

सरायीच्या दाराशी जी चकमक होते तिच्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण ही एक लढाई नीट समजली की निम्मा गेम समजला. अंगण ओलांडून तुम्ही पायऱ्यांशी येता. झगा घातलेला एक मनुष्य पुढे होतो आणि नाव-गाव विचारतो. खरं सांगा, खोटं सांगा, तो टार्नेश आहे आणि तुम्हाला मारायलाच आला आहे. बोलणं संपलं की लगेच स्पेसबार दाबा. त्याचा पहिला मंत्र मिरर इमेज: त्याच्या अवतीभवती त्याच्यासारख्याच प्रतिमा उभ्या राहतात आणि तुमचे वार त्यांच्यावर वाया जातात. मग तो हॉरर टाकतो. तो लागला की तुमची माणसं घाबरून सैरावैरा पळतात, आणि पळणाऱ्यांना तो एकेक करून टिपतो.

पण या गेमचा एक नियम तुमच्या बाजूचा आहे: मंत्र म्हणत असताना कुणाला जखम झाली तर तो मंत्र वाया जातो. म्हणून इमोएनच्या हाती आधीच छडी द्या, स्वतःच्या हाती धनुष्य ठेवा, आणि पायऱ्या चढण्याआधीच सेव्ह करा. पहिल्या क्षणापासून सगळे हल्ले फक्त त्याच्यावर. सगळे एकाच जागी दाटीने उभे राहू नका, पांगा. दर दोन-तीन सेकंदांनी थांबा, तो काय करतोय ते खालच्या पट्टीत वाचा, पुढचा हुकूम द्या. त्या पट्टीत तुमच्या प्रत्येक वाराचा आणि हुकलेल्या फाशाचा हिशेब लिहून येतो. तो मेला की त्याच्या अंगावर एक कागद मिळतो: तुमच्या डोक्यावर इनाम लागलं आहे. एखाद्या अनाथ पोरावर इनाम का लागावं, इथून गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते.

हा काही शेवटचा मारेकरी नाही. बेरेगॉस्ट गावातल्या रेड शीफ खानावळीत एक आहे, नॅशकेल गावच्या खानावळीत एक आहे. म्हणून कोणत्याही खानावळीचं दार उघडण्याआधी सेव्ह करा. हा नियम पाठ केलात तर रात्रीचा अर्धा तास वाचेल.

मेल्यावर पुन्हा लोड करायला लाजू नका. तंत्र शिकायची ती एकच पद्धत आहे. फक्त एकाच सेव्हवर विसंबू नका. अर्धमेल्या अवस्थेत, शत्रूंच्या गराड्यात केलेली एकमेव सेव्ह म्हणजे आपल्याच हाताने आपली कोंडी. तीन-चार सेव्ह आळीपाळीने वापरा आणि त्यांना नावं द्या.

सहा जणांचं बिऱ्हाड

टोळीत जास्तीत जास्त सहा जण मावतात. दोन पुढे उभे राहून मार खाणारे, दोन मागून बाण मारणारे, एक जादूगार, एक जखमा बऱ्या करणारा, असा साधा हिशेब ठेवा. यांपैकी एक जण चोर हवाच, कारण सापळे शोधणं आणि कुलपं उघडणं दुसऱ्या कुणाला तितकं जमत नाही. ते काम इमोएन शेवटपर्यंत उत्तम करते.

जादूगाराला सुरुवातीला एकच मंत्र शिकवा: स्लीप. फायरबॉलची स्वप्नं नंतर बघू. पहिल्या लेव्हलचा हा मंत्र कोबोल्ड, गिबरलिंग, हॉबगॉब्लिन अशा फुटकळ राक्षसांचा अख्खा घोळका आडवा करतो, आणि झोपलेल्यावरचा वार हुकत नाही. सांगाडे मात्र झोपत नाहीत. त्यांना गदा किंवा काठी हाणा, बाण त्यांच्यावर फारसे चालत नाहीत. एक बारकावा: नॅशकेलला भेटणारा मिन्स्क आपल्या सोबतिणीला, डायनाहेरला, सोडवा म्हणून गळ घालतो. आंतरजालावर या जोडीची तारीफ फार, आणि ती रास्तही आहे. पण डायनाहेर इन्व्होकर पंथाची जादूगार आहे, तिला स्लीप शिकता येत नाही. त्यासाठी झार, किंवा बेरेगॉस्टमध्ये भेटणारी नीरा बरी. आणि मिन्स्कला शब्द दिलात तर फार रेंगाळू नका, नाहीतर तो तुमच्यावरच उलटतो. त्याच्या खिशात बू नावाचा एक हॅम्स्टर आहे, त्याचा सल्ला तो गांभीर्याने घेतो. तुम्ही घेतलाच पाहिजे असं नाही.

सापडलेली प्रत्येक वस्तू अंगावर चढवू नका. सरायीच्या दक्षिणेला एक ऑगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, फिरतो, त्याच्याजवळ दोन कंबरपट्टे मिळतात. एक कामाचा आहे. दुसरा घातला की तुमचा रांगडा फायटर बाई होतो, किंवा बाईचा बुवा, आणि देवळात शाप उतरवून घेईपर्यंत पट्टा काही निघत नाही. निळसर झाक असलेली वस्तू आधी ओळखून घ्या, मग वापरा.

नावलौकिकाचा आकडा 1 ते 20 असा असतो. तो वाढला की दुकानदार भाव उतरवतात, घटला की चढवतात. गरिबांची कामं फुकट करा, देवळात दान द्या, तो वाढतो. पण दुष्ट प्रवृत्तीच्या सोबत्यांना तुमचं चांगलं नाव सोसत नाही, फार चांगले झालात की ते निघून जातात. पहिल्या खेळीत भल्या माणसांची टोळी करा. दुष्टांची मजा दुसऱ्या फेरीला येते.

नॅशकेलची खाण

लोखंडाच्या कोड्यातला हा पहिला मोठा टप्पा. अर्धवट सोडणारे बहुतेक जण या खाणीच्या आधी किंवा खाणीतच सोडतात. आत जाण्यापूर्वी सगळे किमान दुसऱ्या लेव्हलला असू द्या, तिसरी असेल तर उत्तम. बाणांचे गठ्ठे, चार-पाच औषधाच्या बाटल्या आणि एक जादा तलवार बरोबर असावी.

खाणीतल्या वाटा अरुंद. तुमचे सहा जण एकमेकांना अडवतात, एखादा भलत्याच बोगद्यातून लांबचा वळसा घालून एकटाच कोबोल्डांच्या तावडीत सापडतो. हा गेमचा जुना दोष आहे, एनहान्स्ड एडिशनमध्येही पुरता गेलेला नाही. उपाय म्हणजे रांगेची रचना निवडा आणि छोटी-छोटी पावलं टाका. इमोएनला सापळे शोधायचं बटण दाबून सगळ्यांच्या पुढे चालवा. ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं. आगीचे बाण मारणारे कोबोल्ड खालच्या मजल्यांवर भेटतात. ते दिसताक्षणी स्लीप, मग तुमचे बाण. मेलेल्यांकडचे आगीचे बाण गोळा करा, पुढच्या म्होरक्यासाठी तेच उपयोगी पडतात.

तो म्होरक्या म्हणजे मुलाहे. तो शरण आल्याचं नाटक करतो. विश्वास ठेवू नका. तो कोबोल्ड आणि सांगाडे बोलावतो, आणि तो स्वतः मंत्र म्हणणारा आहे. म्हणून टार्नेशचाच धडा इथेही: सगळ्यांनी त्याच्यावरच तुटून पडायचं, त्याला मंत्र पुरा करू द्यायचा नाही. नंतर त्याच्या पेटीतली पत्रं काढा आणि बसून वाचा. पुढे कोणत्या गावात कोणाला गाठायचं, ते त्या पत्रांत आहे. नकाशावर बाण दाखवून तुम्हाला दाराशी नेऊन सोडणारा हा गेम नाही.

वाचनाचं म्हणाल तर इंग्रजी थोडं जुन्या वळणाचं आहे. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी दचकू नये. संवाद खालच्या पट्टीत राहतात, मागे सरकवून पुन्हा वाचता येतात, आणि घाई करणारं कोणी नसतं. मुलांना द्यायचा तर तेरा-चौदा वर्षांच्या पुढे द्या. इंग्रजी वाचनासाठी शिकवणीपेक्षा हा बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे. शाळेला मान्य होणार नाही.

खाणीनंतर

आता जग मोकळं होतं. बाल्डर्स गेट शहराचा पूल मात्र अजून बंदच असतो. पाचव्या प्रकरणाआधी, म्हणजे क्लोकवुडच्या जंगलातली दुसरी खाण निकालात काढल्याशिवाय, तो उघडत नाही. बरेच जण हकनाक तिथे खेटे घालतात. प्रस्तावना सोडून एकूण सात प्रकरणं आहेत, त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्यात मनसोक्त हिंडून घ्या. हीच ती वेळ.

हिंडताना कीबोर्डवरचा टॅब दाबला की उघडण्याजोगी दारं, पेट्या, कोनाडे उजळतात. नॅशकेलच्या शेतातही तो दाबून बघा. तिथे अंखेग नावाच्या अवाढव्य किड्याच्या कवचाचं एक चिलखत पुरलेलं आहे. तसंच चिलखत बेरेगॉस्टचा लोहार टेरोम तुम्ही आणलेल्या कवचातून बनवून देतो, पण चार हजार सोन्याच्या मोहरा आणि दहा दिवस घेतो. अंखेग मारायला जावं लागतं ते वेगळंच.

लवकर लेव्हल वाढवायची असेल तर बॅसिलिस्कांचा माळ आहे. त्यांनी बघितलं की माणूस दगड होतो. दगड होण्यापासून वाचवणारा मंत्र आहे, तो पहिल्या लेव्हलचाच आहे, त्याचा स्क्रोलही मिळतो. तो टाकून धनुर्धाऱ्याला पुढे पाठवा, बाकीच्यांना दूर उभं करा. लहान बॅसिलिस्कचे 1,400 आणि मोठ्याचे 7,000 अनुभवगुण मिळतात, ते सगळ्यांत वाटले जातात. मंत्राची मुदत संपत आली की मागे फिरा. मोठ्याच्या लोभाने थांबलात तर फायटरचा पुतळा होतो, आणि तुमचा फायटर म्हणजे तुम्हीच.

सोडायचं काय, हेही सांगायला हवं. 1999च्या पुरवणीतला डुरलॅगचा मनोरा एनहान्स्ड एडिशनमध्ये अंगभूत येतो. त्यातले सापळे आणि कोडी या गेममधली सर्वांत सुंदर रचना आहे, आणि सर्वांत जीवघेणीही. पहिल्या खेळीत तिथे गेलात तर मुख्य गोष्टीचा धागा सुटतो. तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. फायरवाइनचे अरुंद भुयारी अवशेष तर खुशाल टाळा, कटकटीच्या मानाने तिथे हाती फार थोडं लागतं. प्रत्येक नकाशाचा प्रत्येक कोपरा उजळण्याचा हट्ट धरणारे शेवटापर्यंत पोचत नाहीत. मधल्या प्रकरणातच त्यांचा गेम सुटतो.

वॉकथ्रू उघडावा का? पहिल्या खेळीत नाही. त्याऐवजी एक दोनशेपानी वही घ्या. गेमचं स्वतःचं जर्नल आहे, पण त्यात सगळीच कामं एकमेकांत मिसळतात. वहीत कोणाला कुठे भेटलो, त्याने काय मागितलं, कोणतं कुलूप उघडलं नाही, एवढंच लिहा. तीन दिवस गेम उघडायला जमलं नाही तरी वही पाहून दोन मिनिटांत पुन्हा सूर लागतो. तुकड्यांत वेळ मिळणाऱ्यांना ही वही गेमइतकीच गरजेची. एखाद्या जागी आठवडाभर अडलात तर फक्त त्या जागेपुरतं उत्तर शोधा आणि पान बंद करा. पुढचं वाचलंत तर जन्माचं गुपित कोणीतरी शीर्षकातच फोडलेलं असतं.

आपल्या मातीतलं काही हवं असेल, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020मध्ये काढलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' जरूर बघा. पण तो हाणामारीचा आणि उड्या मारण्याचा गेम आहे, तिथे टोळी जमवणं, संवाद निवडणं, थांबून विचार करणं हा प्रकार नाही. मराठी मातीत, मराठी बोलीत असा सहा जणांचा प्रवास अजून मला तरी दिसलेला नाही. कोणी बनवत असेल तर पहिला गिऱ्हाईक मी.

शेवटच्या लढाईबद्दल एवढंच सांगतो, की तिथे जाण्याआधी टोळीजवळच्या सगळ्या छड्या, बाटल्या आणि विशेष बाण बाहेर काढा. उद्यासाठी म्हणून सगळं साठवायची आपल्याला सवय असते, आणि पोटली भरलेली असताना टोळी मरते. आणि गेम संपल्यावर शेवटची सेव्ह फाइल पुसू नका. 2000 साली आलेल्या दुसऱ्या भागात तुमचं हेच पात्र, कमावलेल्या अनुभवासकट, घेऊन जाता येतं.